प्रमाणपत्रालाही घसारा असतो

जयपूरच्या दक्षिणेस, टोंक रस्त्यालगत आणि सांगानेरला खेटून, राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेली प्रताप नगर ही विस्तीर्ण वसाहत आहे. हळदीघाटी मार्ग, कुंभा मार्ग अशी मेवाडच्या इतिहासाचे स्मरण करून देणारी इथल्या रस्त्यांची नावे आहेत. शेजारी सीतापुऱ्याचे औद्योगिक क्षेत्र, त्याच्या आसपास अभियांत्रिकी महाविद्यालये, आणि वसाहतीतच गृहनिर्माण मंडळाने शिकवणी वर्गांसाठी उभारलेले ‘कोचिंग हब’. साहजिकच इथल्या शाखेत काम करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलासमोर पेन्शनर आणि व्यापारी यांच्या बरोबरीने विद्यार्थी आणि त्यांचे चिंताक्रांत पालक येऊन बसतात. त्यांच्या हातात बहुधा एखादे रंगीत माहितीपत्रक असते आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते : ‘शंभर टक्के नोकरीची हमी’.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला असेच एक गृहस्थ आपल्या मुलीसह शाखेत आले. माझे हिंदी ऐकून त्यांनी क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, “साहेब, तुम्ही आपल्याकडचे का?” सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेल्या कुटुंबांपैकी हे एक कुटुंब. वीसेक वर्षांपासून जयपुरात स्थायिक. मुलगी बी.सी.ए. झालेली. काकांना विचारायचे होते ते एवढेच, की मुलीच्या प्रशिक्षणासाठी एक लाख ऐंशी हजार रुपये हवे आहेत, तेव्हा मुदत ठेव मोडावी की सोनेतारण कर्ज घ्यावे?

माहितीपत्रक मी वाचले. डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजेच डी.बी.ए. होण्यासाठी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची प्रमाणपत्रे सहा महिन्यांत, आणि त्यानंतर ‘बँकेत व मोठ्या कंपन्यांत नोकरी’. काकांचा जीव अडकला होता तो त्या ‘बँकेत’ या शब्दात. मोडावयाची ठेव त्यांच्या आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेली होती. मी त्यांना आठ दिवस थांबण्याची विनंती केली. त्या आठ दिवसांत जे वाचले, विचारले आणि आमच्या संगणक विभागातील सहकाऱ्यांकडून समजून घेतले, त्यातून माझे एक मत बनले. तेच आज ग्राहक-वाचक आणि सहकारी यांच्यापुढे ठेवीत आहे.

आधुनिक दफ्तरदार

डी.बी.ए. म्हणजे नेमके कोण, हे आपल्या मराठी माणसाला समजावणे तसे अवघड नाही. पेशव्यांच्या काळी फडावर दफ्तर सांभाळणारा दफ्तरदार असे. कोणता कागद कोठे आहे, कोणी पाहावा, कोणी पाहू नये, जुना कागद वाळवीपासून कसा वाचवावा, आणि हवा तेव्हा तो तत्काळ कसा सापडावा, ही त्याची जबाबदारी. आजच्या डी.बी.ए.चे काम मूलतः हेच आहे. फक्त कागदाच्या रुमालांची जागा संगणकातील तक्त्यांनी घेतली आहे. सांगानेरचे कागजी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हातकागद तयार करीत आले आहेत, आणि व्यापाऱ्याची वही ही कागदाचीच असण्याचा काळ काही फार मागे गेलेला नाही. आता ती वही डेटाबेसमध्ये आहे एवढेच.

बँकेच्या दृष्टीने या वहीचे मोल काय, ते एका उदाहरणावरून कळेल. आपण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाच हजार रुपये पाठवतो तेव्हा एका ठिकाणी नावे आणि दुसऱ्या ठिकाणी जमा अशा दोन नोंदी व्हाव्या लागतात. पहिली नोंद झाली आणि त्याच क्षणी वीज गेली तर? डेटाबेसचा नियम असा, की दोन्ही नोंदी होतील किंवा एकही होणार नाही. अर्धवट काही राहणार नाही. द्विनोंदी पद्धतीत वाढलेल्या वाणिज्यच्या विद्यार्थ्याला हा नियम आपल्याच घरचा वाटावा असा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरील एका महिन्यातील व्यवहारांनी २,००० कोटींचा टप्पा ओलांडला. चहाच्या टपरीवरील दहा रुपयांपासूनच्या या प्रत्येक व्यवहारामागे कोठेतरी हा नियम इमानेइतबारे पाळला जात असतो.

बँकांच्या विलीनीकरणाच्या काळात या कामाचा कस लागला. जयपुरात मुख्यालय असलेली स्टेट बँक ऑफ बिकानेर अँड जयपूर १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पुढे १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. पाटी बदलणे सोपे असते. कोट्यवधी खातेदारांच्या नोंदी एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत पैचाही फरक न पडता नेणे मात्र सोपे नसते. ते चुकले तर काय होते, हे ब्रिटनमधील टी.एस.बी. बँकेने एप्रिल २०१८ मध्ये अनुभवले. सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीत हलवल्यानंतर लाखो ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. सर्व सुरळीत व्हायला त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला आणि २०२२ मध्ये तेथील नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

तेव्हा हे काम महत्त्वाचे आहे, त्याला मान आहे आणि त्यात चांगले वेतनही आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो तेथपर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा.

घसारा कशावर आणि जमीन कोणती?

वाणिज्य शाखेत आपण शिकतो, की यंत्रसामग्री, वाहन, संगणक यांवर दरवर्षी घसारा आकारायचा असतो. जमिनीवर मात्र तो आकारत नाहीत. हाच नियम मला डी.बी.ए.च्या शिक्षणाला लावावासा वाटतो. प्रमाणपत्र ही घसारा लागणारी मालमत्ता आहे. विषयाचे मूलभूत ज्ञान ही जमीन आहे.

काही दाखले पाहू. ओरॅकल या कंपनीच्या डेटाबेसच्या आवृत्त्यांची नावे गेल्या पंचवीस वर्षांत आठ-आय, नऊ-आय, दहा-जी, अकरा-जी, बारा-सी, एकोणीस-सी आणि २०२४ मध्ये तेवीस-ए.आय. अशी बदलत गेली. आधी इंटरनेटचा ‘आय’, मग ग्रिडचा ‘जी’, मग क्लाउडचा ‘सी’, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता! प्रमाणपत्र घेतलेल्यांच्या कागदावर मात्र जुनेच अक्षर राहिले. मायक्रोसॉफ्टचे ‘एम.सी.डी.बी.ए.’ हे प्रमाणपत्र २००० च्या सुमारास मोठ्या प्रतिष्ठेचे मानले जाई, ज्या एस.क्यू.एल. सर्व्हर २००० वर ते आधारलेले होते, त्या आवृत्तीला कंपनीने २०१३ मध्ये पूर्ण निरोप दिला. त्यानंतरच्या मालिकेतील एम.सी.एस.ए. आणि एम.सी.एस.ई. ही प्रमाणपत्रे जानेवारी २०२१ अखेर बंद झाली. मायक्रोसॉफ्टचे आजचे डेटाबेस प्रमाणपत्र एक वर्षापुरते वैध असते आणि दरवर्षी चाचणी देऊन त्याचे नूतनीकरण करावे लागते. समाधानाची गोष्ट इतकीच, की ते नूतनीकरण विनामूल्य आहे. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड विभागाने २०२० मध्ये डेटाबेससाठी खास प्रमाणपत्र सुरू केले आणि एप्रिल २०२४ मध्ये ते बंदही केले. चार वर्षांत आरंभ आणि अखेर!

आता दुसरी बाजू पाहा. डेटाबेसमधील माहिती तक्त्यांच्या रूपात कशी मांडावी याचा सिद्धांत आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एस.क्यू.एल. ही भाषा १९७० च्या दशकातच जन्मली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला. पन्नास वर्षे उलटली, कंपन्या आल्या आणि गेल्या, पण हा पाया ढळला नाही. जगभर पाठ्यपुस्तक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या ग्रंथाच्या तीन लेखकांपैकी एक, एस. सुदर्शन, यांनी मुंबईत पवईच्या आय.आय.टी.त दीर्घकाळ अध्यापन केले, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. हा ग्रंथ ज्याने मन लावून वाचला, त्याला ओरॅकलवरून पोस्टग्रेस-एस.क्यू.एल.वर जाताना अडखळायला होईल, पण तो पडणार नाही. ज्याने केवळ प्रश्नसंच पाठ करून परीक्षा दिली, तो मात्र आवृत्ती बदलली की पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो.

यातूनच कर्जाचा मुद्दा निघतो. बँकेत आपण मालमत्तेचे आयुष्य आणि कर्जाची मुदत यांचा मेळ पाहतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आणलेल्या कौशल्य कर्ज योजनेत एक लाखाहून अधिक कर्जाच्या परतफेडीला सात वर्षांपर्यंत मुदत होती. २०२४ मध्ये या योजनेची कमाल मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाखांवर नेण्यात आली. योजना चांगली आहे आणि गरजूंनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. पण सात वर्षे हप्ते फेडायचे आणि ज्यासाठी कर्ज काढले ते प्रमाणपत्र एक-तीन वर्षांतच कालबाह्य व्हायचे, हा हिशेब कोणत्या ताळेबंदात बसतो? दीर्घ मुदतीचे कर्ज पदवीसारख्या दीर्घायुषी गोष्टीसाठी असावे. प्रमाणपत्राचा खर्च चालू उत्पन्नातून किंवा छोट्या आवर्ती ठेवीतून भागावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘बँकेत नोकरी’ या शब्दांमागचे सत्य

काकांच्या मनातील खरी इच्छा बँकेतील स्थिर नोकरीची होती. म्हणून मी सरकारी बँकांच्या भरतीचे नियम त्यांच्यापुढे ठेवले. आय.बी.पी.एस. या संस्थेमार्फत होणाऱ्या तज्ज्ञ अधिकारी भरतीत माहिती तंत्रज्ञान अधिकारी, श्रेणी एक, या पदासाठी अनेक वर्षे जी पात्रता ठेवली गेली आहे ती अशी : संगणकशास्त्र वा तत्सम शाखेची चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी, किंवा त्या विषयांतील पदव्युत्तर पदवी, किंवा कोणतीही पदवी आणि त्याबरोबर ‘डोएक’ची, म्हणजे आजच्या ‘नाएलिट’ची ‘बी’ स्तर परीक्षा. यात कोठेही कंपन्यांच्या प्रमाणपत्राचा उल्लेख नाही. म्हणजे तीन वर्षांची बी.सी.ए. पदवी आणि तिच्या जोडीला तीन प्रमाणपत्रे घेऊन ती मुलगी या परीक्षेचा अर्जही भरू शकली नसती! त्याहून कमी पैसा तिने एम.सी.ए.साठी लावला, तर मात्र दार उघडत होते.

हे ऐकल्यावर काका काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, हे त्या लोकांनी आम्हाला सांगितलंच नाही.” मी काय बोलणार? विकणाऱ्याने ते सांगावे ही अपेक्षाच चुकीची आहे. ते विचारून घेणे हे आपले काम. मला स्वतःलाही हे उशिराच उमगले. एम.कॉम. करीत असताना मीही अशाच एका वर्गात अठरा हजार रुपये भरून एक प्रमाणपत्र मिळवले होते. बँकेच्या मुलाखतीत त्याविषयी एक शब्द कोणी विचारला नाही. विचारले ते बँक जुळवणी पत्रकाविषयी. ते प्रमाणपत्र आजही माझ्या फायलीत प्लास्टिकच्या वेष्टनात जसेच्या तसे आहे.

याचा अर्थ प्रमाणपत्रे निरुपयोगी आहेत असा नव्हे. खासगी कंपन्यांत आणि अनुभवी तज्ज्ञांच्या जागांसाठी त्यांचे वजन निश्चित पडते. अर्जांच्या ढिगातून आपला अर्ज वर यावा यासाठी ती उपयोगी पडतात, आणि ठरावीक मुदतीत ठरावीक अभ्यास पुरा करण्याची शिस्त लावतात. आपल्याकडील जे.ए.आय.आय.बी. आणि सी.ए.आय.आय.बी. या परीक्षांचे तरी दुसरे काय आहे? त्या उत्तीर्ण झाल्याने कोणी आपोआप कुशल बँकर होत नाही. पण काउंटरवर काम करीत असताना दिलेल्या त्या परीक्षा काम समजायला मदत करतात. कामाबरोबर घेतलेले प्रमाणपत्र फळते. कामाऐवजी घेतलेले बहुधा वाया जाते.

निवड करण्यापूर्वी तीन प्रश्न

कोणते प्रमाणपत्र घ्यावे, असे विचारणाऱ्या तरुणांना मी आता तीन प्रश्न विचारतो.

पहिला, काम कोठे करायचे आहे? देशातील अनेक बँकांच्या कोअर बँकिंग प्रणालींमागे ओरॅकलचा डेटाबेस आहे. विमा कंपन्या आणि मोठे उद्योग यांतही त्याचा प्रसार आहे. मध्यम आकाराचे कारखाने, रुग्णालये अशा ठिकाणी मायक्रोसॉफ्टचा एस.क्यू.एल. सर्व्हर पुष्कळदा आढळतो. इंटरनेटवर चालणारे नवे व्यवसाय मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस-एस.क्यू.एल. या मुक्त प्रणालींकडे अधिक वळतात. ज्या गावाला जायचे आहे त्या गावच्या गाडीचे तिकीट काढावे. तीन गाड्यांची तिकिटे एकदम काढून कोणी तिन्ही गाड्यांत बसू शकत नाही. म्हणून एक डेटाबेस निवडावा आणि त्यातील पहिल्या पायरीचे एकच प्रमाणपत्र घ्यावे. पुढची पायरी प्रत्यक्ष काम मिळाल्यावर, आणि शक्य तर मालकाच्या खर्चाने.

दुसरा, प्रमाणपत्र देणारे कोण? डेटाबेस तयार करणारी कंपनी स्वतः परीक्षा घेते, की प्रशिक्षण केंद्र स्वतःचाच शिक्का मारून देते? कंपनीच्या परीक्षेची नोंदणी आणि शुल्क त्या कंपनीच्या अधिकृत व्यवस्थेत आपल्याला थेट भरता येते. परीक्षा शुल्क किती, शिकवणी किती आणि ‘हमी’ची किंमत किती, हे वेगवेगळे लिहून मागावे. हमीचे नेमके शब्द कोणते आणि ती पाळली नाही तर पैसे परत मिळतील काय, हेही लेखी घ्यावे. जेथे लेखी देण्यास टाळाटाळ होते, तेथे विषय संपला असे समजावे. आणखी एक सावधगिरी म्हणजे, बाजारात फुटलेल्या प्रश्नांचे संच विकले जातात. असे संच वापरल्याचे सिद्ध झाल्यास कंपन्या प्रमाणपत्र रद्द करतात. आणि ज्या व्यवसायाचा पायाच विश्वास आहे, त्याची सुरुवात लबाडीने करणे यासारखा दुसरा अपशकुन नाही.

तिसरा, प्रत्यक्ष काय करता येते? हा सर्वांत महत्त्वाचा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या नामांकित सॉफ्टवेअर कंपनीत एका थकलेल्या अभियंत्याने चुकून मूळ डेटाबेसचाच साठा पुसून टाकला. चूक कोणाकडूनही होऊ शकते. खरा धक्का पुढे होता. सुरक्षित प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती तेथे होत्या आणि त्यांतील एकही त्या वेळी भरवशाने उपयोगी पडली नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत दुसऱ्याच कारणासाठी काढलेली सापडली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. प्रत काढणे आणि ती प्रत पुन्हा उभी करून पाहणे, यांतील फरक या एका रात्रीने जगाला शिकवला. बँका आपले पर्यायी केंद्र वेळोवेळी प्रत्यक्ष चालवून पाहतात त्यामागे हेच शहाणपण आहे.

हा सराव घरच्या संगणकावर करता येतो आणि त्याला जवळजवळ काही खर्च नाही. पोस्टग्रेस-एस.क्यू.एल. आणि मायएसक्यूएलची सामुदायिक आवृत्ती विनामूल्य मिळते. ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याही शिकण्यासाठीच्या मोफत आवृत्त्या आहेत. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची डेटाबेसवरील व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर फुकट ऐकता येतात. काल्पनिक खातेदारांचा एक डेटाबेस तयार करावा, त्याची प्रत काढावी, मग तो जाणीवपूर्वक मोडावा आणि घड्याळ लावून पुन्हा उभा करावा. काय केले, काय चुकले, किती वेळ लागला, हे तारखेनिशी वहीत लिहावे. अशी शंभर पानांची वही मुलाखतीत समोर ठेवणारा उमेदवार आणि तीन चकचकीत प्रमाणपत्रे ठेवणारा उमेदवार यांत निवड करायची झाली, तर मी वहीकडे झुकेन.

यंत्र आले, आता माणूस कशाला?

या ठिकाणी सुज्ञ वाचक विचारतील, की डेटाबेस स्वतःच स्वतःला सांभाळू लागल्यावर या नोकऱ्या राहतील काय? ओरॅकलने २०१७ मध्ये ‘स्वयंचलित’ डेटाबेसची घोषणा केली, तेव्हापासून डी.बी.ए.च्या अंताची भाकिते होत आहेत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे त्यांना पुन्हा जोर आला आहे.

बँक कर्मचाऱ्यांना ही भीती नवी नाही. १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाविषयी भारतीय बँक संघ आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला, १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला, तेव्हा लेजर लिहिणाऱ्या हातांचे काय होणार, ही चिंता घरोघरी होती. लेजर गेले हे खरे. ते लिहिणारा कारकूनही गेला. पण ज्यांना केवळ सुवाच्य अक्षर नव्हे तर हिशेब कळत होता, ते टिकले, कारण यंत्राने चुकवलेला ताळा शोधायलाही तेच लागले. डी.बी.ए.चेही तसेच आहे. नवी आवृत्ती बसवणे, जागा वाढवणे, ठरल्या वेळी प्रत काढणे ही कामे यंत्राकडे जात आहेत आणि जातीलच. उरेल ते विवेकाचे काम : कोणती माहिती कोणाला दिसावी, दोन बँकांच्या नोंदी कशा जुळवाव्यात, संकटाच्या वेळी आधी काय वाचवावे. केवळ बटणे शिकवणाऱ्या प्रमाणपत्रावर विसंबणाऱ्याला धोका आहे. हिशेब शिकलेल्याला तो कमी आहे. धोका अजिबात नाही असे म्हणणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आणखी एक गुण कोणत्याही परीक्षेत मोजला जात नाही, तो म्हणजे सचोटी. डी.बी.ए.च्या हाती सर्वांच्या खात्यांच्या किल्ल्या असतात. म्हणूनच बँकेत ‘एकाने करावे, दुसऱ्याने तपासावे’ हा नियम त्यालाही लागू असतो आणि त्याच्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवली जाते. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केल्यापासून या जबाबदारीला कायद्याचेही बळ मिळाले आहे. ग्राहकांनी आपला पासवर्ड जपावा असे आपण फलकावर लिहितो. त्यांची माहिती जपणारा माणूस कसा घडतो, याकडेही आपले लक्ष हवे.

सहकाऱ्यांसाठी एक सूचना

आपल्या बँकेतील अनेक तरुण अधिकारी स्वतःच्या खर्चाने आणि रात्री जागून डेटाबेसचा अभ्यास करतात. त्यांच्या हौसेला वाव मिळावा, यासाठी एक नम्र सूचना करावीशी वाटते. ज्याला प्रशिक्षण दिले त्याला निदान तीन वर्षे त्याच कामावर ठेवावे. बदलीच्या चक्रात तो पुन्हा कर्ज विभागात गेला, तर त्याचे ज्ञान गंजते आणि बँकेचा खर्च बुडीत खाती जमा होतो. उलट शाखेत काम केलेला माणूस संगणक विभागात गेला, तर तक्त्यातील प्रत्येक ओळीमागे एक खातेदार उभा आहे हे त्याला सांगावे लागत नाही. शाखेतील अनुभव ही त्याची जमीन आहे; तिच्यावर उभारलेले तंत्रज्ञानाचे घर टिकेल.

आता त्या मुलीविषयी. ठेव मोडली गेली नाही. आजींची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली. मुलीने मुक्त विद्यापीठातून एम.सी.ए.ला प्रवेश घेतला. त्याचे शुल्क त्या पॅकेजच्या निम्म्याहूनही कमी होते. बरोबरीने तिने एकच प्रमाणपत्र निवडले. पहिल्या प्रयत्नात थोडक्या गुणांनी ती अनुत्तीर्ण झाली, दुसऱ्यात उत्तीर्ण झाली. दोन्ही वेळचे शुल्क तिने शिकवण्या घेऊन साठवलेल्या आवर्ती ठेवीतून भरले. सध्या सीतापुऱ्यातील एका छोट्या कंपनीत ती सहायक म्हणून काम करते. पगार बेताचा आहे आणि पाळीही गैरसोयीची आहे. ती अजून डी.बी.ए. झालेली नाही, कोणतीही शहाणी कंपनी नवख्याच्या हाती आपला चालता डेटाबेस देत नाही, आणि ते योग्यच आहे.

मागच्या महिन्यात ती पासबुकात नोंदी करून घ्यायला आली होती. म्हणाली, “सर, परवा रात्री खरोखरच एक डेटाबेस बंद पडला. वरिष्ठ येईपर्यंत मी वही उघडून बसले होते. तीन पानांत सापडलं.” प्रमाणपत्राविषयी ती काहीच बोलली नाही. मीही विचारले नाही. तिच्या पासबुकात त्या महिन्याचा पगार जमा झाला होता आणि आवर्ती ठेवीचा हप्ताही वेळेवर गेला होता.